हायवेवरचं अँटिक दुकान आणि 'इन्व्हेस्टमेंट पीस' रिव्हॉल्व्हर : घ्यायचं की नाही?

दुकानाचं नाव लिहीत नाही, मालकाशी भांडण नाहीये आणि करायचंही नाहीये. सिंधुदुर्गातून गोव्याकडे उतरताना हायवेला पितळी दुर्बिणी, जहाजाची लाकडी चाकं, ग्रामोफोनचे भोंगे बाहेर मांडलेली दुकानं लागतात ना, त्यातलंच एक समजा. यातल्या बऱ्याच दुर्बिणी आणि होकायंत्रं रुरकी-मुरादाबादकडची नवी कोरी असतात, काहीबाही लावून जुनी केलेली, हे इकडच्या माणसाला माहीत असतं, मुंबईवाल्याला नसतं. ते असो. शोभेची वस्तू म्हणून घेतली तर काही बिघडत नाही.

विषय रिव्हॉल्व्हरचा आहे. माझा मुंबईचा चुलतभाऊ गणपतीला आला होता, त्याच्या डोक्यात कुठल्यातरी रीलने भरवलेलं की व्हिंटेज गन्स सोन्यापेक्षा जास्त रिटर्न देतात, परदेशात कोटींनी जातात, आणि बोनस हातात होता. "दादा, एक घेऊन ठेवूया, घरात दिसायलाही भारी." मला या विषयाचा नाद जुना आहे, घरात वस्तू एकही नाही पण वाचलेलं-बघितलेलं बरंच आहे, म्हणून त्याच्याबरोबर गेलो. जो कोणी असा विचार करत असेल त्याच्यासाठी हा रिव्ह्यू. थोडक्यात हवा असेल तर : दुकान बघायला चांगलं, रिव्हॉल्व्हर तिथे घेऊ नका, आणि आपल्या देशात या धंद्यात लोखंडापेक्षा कागदाला किंमत आहे. आता सविस्तर.

काचेच्या कपाटात वरच्या फळीवर एक लांब नळीचं, खाली चिठ्ठी : 'कोल्ट नेव्ही 1851, ओरिजिनल', 45 हजार. कोल्ट नेव्ही म्हणजे अमेरिकेच्या कोल्ट कंपनीचं रिव्हॉल्व्हर, या छंदातलं मोठं नाव, .36 बोर (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), सहा बार, अमेरिकेत दोन लाखांच्या वर बनली आणि 1853 ते 56 मध्ये कोल्टने लंडनलाही कारखाना टाकला होता तिथे साधारण 42 हजार बनली. लंडनवाल्यांच्या नळीवर 'कर्नल कोल्ट, लंडन' असा पत्ताच कोरलेला असतो. आणि नेव्ही का म्हणतात, तर सिलिंडरवर चारी बाजूंनी आरमारी लढाईचं चित्र असतं, 16 मे 1843 ची कॅम्पेचीची लढाई, टेक्सासच्या आरमाराची. झिजलेल्या नगावरसुद्धा एखाद्या जहाजाचं शीड, निदान तारखेचा आकडा तरी नखाला लागतो. इथे सिलिंडर आरशासारखा गुळगुळीत. बरं, झिजला असेल म्हणावं तर शेजारचे स्क्रू धारदार, कालच्यासारखे. किल्लीच्या जुडग्याला माझ्या एक छोटं लोहचुंबक असतं ते हळूच लावलं, चिकटलंच नाही. म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव शोभेची नक्कल. भिंतीवर लावायला झकास आहे, पण मग दोन-चार हजार सांगा ना भाऊ, 45 कुठले.

दुसऱ्या फळीवर मात्र खरं जुनं होतं. तळहातात मावेल एवढं, ट्रिगरला गार्ड नाही, ट्रिगर घडी होऊन पोटाखाली जातो, आणि सिलिंडरच्या मागच्या कडेला प्रत्येक भोकावर एक-एक बारीक खाच. ही पिनफायर पद्धत, लफोशे नावाच्या फ्रेंच माणसाची. यात काडतुसाच्या बुडाला आडवी पिन असते, ती त्या खाचेतून बाहेर डोकावते आणि घोडा, म्हणजे मागची हातोडी, वरून तिच्यावर पडतो. सिलिंडरवर भिंग धरलं तर लंबगोलात ई, एल, जी अशी अक्षरं, वर मुकुट नाही. हा बेल्जियममधल्या लिएज शहराचा प्रूफचा, म्हणजे हत्याराची चाचणी झाल्याचा शिक्का, त्याच्यावर मुकुट 1893 पासून आला, म्हणजे हा नग त्याच्या आधीचा धरायला हरकत नाही. सिलिंडर गंजून जाम, घोडा अर्धा तुटलेला, नळीत काडी घातली तर अर्ध्यातच अडली. लाकडी मुठीला वाळवीने एका बाजूने नक्षी केलेली. मला तर हेच आवडलं त्या सगळ्या दुकानात, खोटं बोलत नाही बिचारं.

चिठ्ठीवर 1 लाख 85 हजार. का, विचारलं तर शेठ म्हणाला इंग्रज कलेक्टरचं होतं. काय नाव कलेक्टरचं? "ता काय ठावक नाय, पण मोठो साहेब होतो."

आता इथे थांबून सांगतो, कारण सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. याच जातीचं, लफोशे पद्धतीचं 7 मिलिमीटरचं सहा बारी पिनफायर रिव्हॉल्व्हर 2016 साली पॅरिसला क्रिस्टीजच्या लिलावात 4 लाख 34 हजार 500 युरोला गेलं. का? तर 10 जुलै 1873 ला फ्रेंच कवी पॉल व्हर्लेनने ब्रुसेल्समध्ये त्याच्यातून दुसऱ्या कवीवर, आर्थर रँबोवर, गोळी झाडली होती. मनगटाला लागली, रँबो वाचला, व्हर्लेन तुरुंगात गेला. वस्तू म्हणून ते अगदी सामान्य, तेव्हाच्या दुकानात ढिगाने मिळणारं. पैसे मिळाले ते गोष्टीला, आणि ती गोष्ट कागदाने जोडलेली होती म्हणून. तसंच 2021 मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात 60 लाख डॉलरच्या वर गेलेलं कोल्ट, शेरीफ पॅट गॅरेटने बिली द किड या कुख्यात गुंडाला मारलं ते. कोल्टचं ते 1873 चं मॉडेल लाखोंनी बनलंय. मग आमच्या हायवेवरचा बिननावाचा 'मोठो साहेब' काय भावाने जाणार, तुम्हीच सांगा. साहेबाचं नाव, बंगल्याच्या लिलावाची पावती, निदान ज्या घरातून आलं त्या घरातलं एखादं पत्र, काहीतरी हवं. नुसत्या ऐकीव गोष्टीला 1 लाख 85 हजार द्यायचे तर त्यापेक्षा मालवणात एखाद्या आज्याजवळ बसा, फुकटात दहा ऐकवेल.

(रीलवाल्यांनी जे कोटींचे आकडे दाखवलेत ते खोटे नाहीत, फक्त तिकडचे आहेत. इकडून तिकडे विकायचं मनात असेल तर आत्ताच विसरा. शंभर वर्षांपलीकडची ऐतिहासिक मोलाची वस्तू म्हणजे 1972 च्या पुरातन वस्तू कायद्याने अँटिक्विटी, ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि परदेशी लिलावाचा भाव दाखवून इथे कोणी तुम्हाला वस्तू गळ्यात मारत असेल तर त्याला एवढंच विचारायचं, तू का नाही पाठवलीस तिकडे.)

मग शेठने आम्ही बघणारे आहोत असं ओळखून, आतल्या खोलीतून पंच्यात गुंडाळलेलं तिसरं आणलं. भावाचे डोळे चमकले आणि माझ्या पोटात गोळा आला. वेबली या इंग्रज कंपनीचं, बिजागरीवर दुमडून वरून उघडतं ते, जाड सहा इंची नळी. उघडलं की मधली चांदणीच्या आकाराची चकती वर येऊन रिकामी काडतुसं बाहेर फेकते. बघायला देखणं यात वाद नाही. मार्क सिक्स म्हणाला, म्हणजे 1915 चं मॉडेल, पहिल्या महायुद्धातलं, .455 बोर. "ह्यां खरा विलायती. घेवन ठेवा, धा वर्सांत पैशे डबल होतले." आणि हे बेकायदा नाही का विचारलं तर त्याने त्याच्याच दुकानाच्या लेटरहेडवर टाईप केलेला कागद काढला, 'सदर वस्तू अँटिक असून चालू स्थितीत नाही', खाली शिक्का, त्याचाच. "माझो कागद आसा मा!"

घोडा ओढला तर सिलिंडर खटकन फिरून जागेवर बसत होता. मोबाईलची बॅटरी मागून धरली तर नळी आरपार, गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळ्या लख्ख. हे कसलं बंद?

कायदा असा आहे, मी वकील नाही पण हा भाग नीट वाचलाय. आर्म्स ॲक्ट 1959, कलम 45 मध्ये सूट आहे ती कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला, पण अट ही की ते दुरुस्ती करूनही आणि न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. दोन्ही. 'सध्या बंद आहे', 'गोळ्या मिळत नाहीत', 'शंभर वर्षं जुनं आहे' यातलं काहीच या कलमाला पुरत नाही, आणि पुरतं की नाही ते दुकानदाराने ठरवायचं नसतं. वर .455 म्हणजे प्रोहिबिटेड बोर, .38 आणि 9 मिलिमीटरही त्यातलेच, त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाही, तो केंद्राचा विषय. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधं हत्यार घरात सापडलं तर किमान 2 वर्षं आणि 5 पर्यंत, प्रोहिबिटेड असेल तर 7 ते 14 वर्षं. रिटर्न सोडा, मुद्दलच आत. भावाला हे तिथेच कानात सांगितलं तर म्हणतो, "अरे पण शोकेसमध्ये ठेवणार आहे मी." हो, म्हणजे पंचनामा करायला सोप्पं.

कायदेशीर रस्ता नाहीच असं नाही. तो बघायचा असेल तर घाटावरच्या शहरातले परवानाधारक शस्त्र डीलर असतात तिकडे जा. आमच्या ओळखीतल्या एका घरात म्हाताऱ्या काकांचं .32 चं वेबली होतं, परवान्यावरचं. काका गेल्यावर मुलांनी ते डीलरकडे जमा केलं, कारण परवाना माणसाच्या नावाचा असतो, माणूस गेला की घरात ठेवता येत नाही. त्या व्यवहारात मी सोबत होतो म्हणून त्या डीलरच्या सर्व्हिसबद्दलही लिहितो. फोन उचलत नाही, दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली, बसायला एक स्टूल, आणि ठेवून घ्यायचं महिन्याचं भाडं लावतो. पण काम चोख. रजिस्टर उघडून फ्रेमवरचा नंबर, नळीवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर तिन्ही आमच्यासमोर जुळवले, परवान्याचा यूआयएन, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख नंबर, लिहून घेतला, पावती दिली, आणि किंमत विचारली तर म्हणाला आधी वारसांची संमती आणा मग बोलू. मला असला रुक्ष माणूस या धंद्यात परवडला. गोड बोलणारा नको.

त्या .32 ला आज भारतात चांगली किंमत येते, अगदी लाखांत. पण ती का येते ते समजून घ्या. 1980 च्या दशकात परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, त्याआधी आलेली तेवढीच देशात फिरत राहिली आणि .32 हा साध्या परवान्यावर मिळणारा बोर, म्हणून स्वसंरक्षणाला हवंय, विलायती हवंय अशा लोकांनी भाव चढवला. ही जुन्या वस्तू जमवणाऱ्याची मागणी नाही, वापरणाऱ्याची आहे. त्याला नळी चांगली हवी, सिलिंडर हलता कामा नये, रंग गेला तर तो खुशाल नवीन निळाई (लोखंडावरचा निळसर-काळा थर) चढवून घेतो. तिकडच्या जमवणाऱ्याला नेमकं उलटं. पुन्हा पॉलिश केलं, कडा गोल झाल्या, कोरीव अक्षरं उथळ झाली, की किंमत पडली. म्हणजे इथे जे 'अगदी नव्यासारखं' म्हणून जास्त पैशाने मिळतं ते तिकडच्या हिशोबाने बिघडवलेलं असतं. आणि सरकारचं धोरण बदललं तर हा टंचाईचा भाव टिकेल का? कानपूरला सरकारी कारखान्याचं .32 बनतच होतं, आता वेबली अँड स्कॉट या नावाचंसुद्धा उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनायला लागलंय.

शिवाय कलेक्शन म्हणाल तर एका माणसाला दोन हत्यारं, बस. आधी तीन होती, 2019 ला दोन झाली. आमच्याकडे बागायतदारांकडे वानर-रानडुकरांसाठी शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक किंवा बाराबोअर आधीच असते, म्हणजे एकच जागा उरली. एक नग म्हणजे कलेक्शन नव्हे हो. विकायचं तर गिऱ्हाईकही परवानावालाच हवा, आणि खाजगीत विकताना आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवून 45 दिवस थांबायचं. निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा करायला सांगू शकतात ते वेगळं. म्युच्युअल फंडवाल्यांनो, याला लिक्विडिटी म्हणतात का?

आणि हे सगळं जमवलंत तरी हवा आपली आहे. खारा वारा. समुद्रापासून चार-पाच किलोमीटरवर घराच्या खिडक्यांचे गज दरवर्षी रंगवतो आपण, आणि दीडशे वर्षांपूर्वीची निळाई टिकेल म्हणता? मिरगाच्या आधी आगोटीची कामं करतो त्यात हे एक वाढलं. त्या काकांचं वेबली चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं कपाटात होतं, दिसायला ऐटदार, पण बाहेर काढलं तेव्हा जिथे जिथे चामडं टेकलेलं तिथे तपकिरी पुळ्या उठलेल्या, आणि म्यानाची पितळी बटणं हिरवी. चामडं पावसाळ्यात ओल धरून ठेवतं, जुन्या चामड्यात कमावतानाची आम्लं असतात ती वेगळी. म्यान वेगळं ठेवायचं, लोखंड वेगळं, हलकं तेल किंवा म्युझियमवाले वापरतात तसलं मेण, डब्यात सिलिका जेल, आणि उघड्या हाताने धरलं की पुसायचं, घामातलं मीठही तेच काम करतं. सँडपेपर आणि ब्रासो लावणाऱ्याला मात्र घरात घेऊ नका.

नाद असेल तर माझं मत विचाराल तर हत्याराच्या आजूबाजूच्या वस्तू जमवा. जुने केस-सेट असायचे ना, मखमल लावलेली पेटी आणि आत बंदुकीच्या दारूची कुपी, गोळ्यांचा साचा, स्क्रूड्रायव्हर, तेलाची बाटली, झाकणाच्या आत दुकानदाराचं लेबल. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा या जुन्या बंदूकवाल्यांच्या लेबलाची रिकामी पेटीसुद्धा मी डोळे झाकून घेईन. रॉडा म्हणजे तीच कंपनी जिची माउझर पिस्तुलं 1914 मध्ये बंगाली क्रांतिकारकांनी पळवली, 50 पिस्तुलं आणि 46 हजार काडतुसं. याला ना परवाना ना 45 दिवस ना निवडणूक. पैसे दुप्पट होतील असं मी म्हणत नाही, पण वस्तू खरी असते, विकताना कोणाला घाबरायचं नाही आणि दाखवायला गोष्ट मिळते. अख्खी खरी हत्यारं डोळे भरून बघायचीच असतील तर घाट चढून कोल्हापूरला न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये जा, तिथे तासभर काढलात तर दुकानातली नक्कल लांबूनच ओळखाल.

परत दुकानाकडे. वेबलीचं मी शेठला स्पष्ट सांगितलं की काका, हे ठेवू नका, परवानाधारक डीलरला किंवा पोलिसांना विचारून जमा करा, तुमच्या लेटरहेडने तुमचंच नाव लागेल उद्या. तो आधी चिडला, मग कलम कुठलं ते लिहून घेतलं. पुढे काय केलं माहीत नाही. बिल मागितलं तर सगळ्यावर 'शोपीस' लिहितो आणि रोख मागतो, त्याला बधू नका. दारूची कुपी असेल तर 'तांब्याची, इंग्रजकालीन, बनवणाऱ्याचं नाव अमुक' एवढं लिहून घ्या, पुढे विकताना हाच तुमचा कागद.

रेटिंग द्यायचं तर दुकानाला पाचपैकी दोन, त्यातला एक त्या गंजलेल्या बेल्जियन पिनफायरसाठी आणि एक मागच्या दाराशी पडलेल्या ग्रामोफोनच्या सुट्ट्या भागांसाठी, ते खरोखर जुने आहेत आणि स्वस्त आहेत. घाटावरच्या डीलरला चार, फोन उचलत असता तर साडेचार.

भावाने शेवटी एक कुपी घेतली, शेफिल्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्सचा शिक्का असलेली. सांगितले 6,500, सुटली 2,800 ला. घेताना तीन गोष्टी बघा : दोन पत्रे जोडल्याची शिवण दोन्ही बाजूंनी सरळ दिसते का, वरच्या झाकणाची स्प्रिंग अजून परत येते का, आणि बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं आहे की ओतलेलं. ओतलेलं असेल, अक्षरं साबणासारखी मऊ दिसतात, तर परत फळीवर ठेवा. त्या फळीवर अजून दोन आहेत, त्यातली हरणाचं चित्र असलेली ओतीव आहे, ती घेऊ नका. साधी आहे ती बघा.